विंचूदंशावरील रुग्णालयीन उपचाराचा इतिहास : महाडची निरीक्षणे आणि बारामती-इंदापूरचा माळ

प्रस्तुत लेखाचा विषय विंचूदंशावरील रुग्णालयीन उपचारात गेल्या साठ वर्षांत महाराष्ट्रात झालेला पालट हा आहे. या पालटाचे मुख्य कार्य रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात झाले. त्याची उपयुक्तता मात्र जेथे जेथे तांबडा विंचू आढळतो त्या सर्व प्रदेशास सारखीच आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकास असलेले बारामती व इंदापूर हे तालुके अशा प्रदेशापैकी होत. कोकणातील एका लहान आरोग्य केंद्रात जे ज्ञान सिद्ध झाले ते कोणत्या पुराव्यावर सिद्ध झाले, आणि घाटावरील रुग्णालयांनी त्याचा स्वीकार करताना कोणता विवेक बाळगावा, या दोन प्रश्नांचा विचार येथे कर्तव्य आहे. उपचाराचा इतिहास हा बहुधा औषधांच्या नावांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वस्तुतः तो पुराव्याच्या पद्धतीचा इतिहास असतो, हे या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते.

१. प्रदेश व प्रश्न

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा आणि दक्षिणेस नीरा वाहते. नीरा-नरसिंहपूर येथे या दोन नद्यांचा संगम होतो. बारामतीचा प्रदेश पूर्वी भीमथडी तालुका या नावाने ओळखला जाई. दोन्ही तालुके पर्जन्यछायेत मोडतात. १८७६-७७ च्या दुष्काळाची झळ या भागास फार तीव्रतेने लागली. पुढे नीरेच्या डाव्या कालव्याने नदीकाठच्या गावांचे रूप बदलले, ऊस आला, वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. कालव्याखालची बागाईत आणि कालव्यावरचा कोरडा माळ असे दोन भिन्न प्रदेश एकाच तालुक्यात शेजारी शेजारी नांदू लागले.

विंचवास या दोन्ही प्रदेशांत आसरा आहे. माळावरील दगडांखाली, बांधाच्या रचीव तालीत, जुन्या मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोवऱ्यांच्या व सरपणाच्या ढिगात तो दिवसा दडून राहतो आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडतो. गळिताच्या हंगामात ऊसतोडीसाठी येणारी कुटुंबे उसाच्या पाचटाच्या व वाढ्यांच्या कोप्यांत जमिनीवरच झोपतात. पहाटे अंधारात मोळी उचलताना, चूल पेटविण्यासाठी चिपाड ओढताना किंवा पायताणात पाय घालताना दंश होतो. दंश झालेल्यांत मुले असतात, आणि मुलांच्या अंगी विषाचे प्रमाण वजनाच्या मानाने अधिक पडते.

पुणे शहर बारामतीपासून सुमारे १०० किलोमीटर आणि इंदापूरपासून सुमारे १४० किलोमीटर अंतरावर आहे. गंभीर विंचूदंशात रुग्णाचे भवितव्य पहिल्या काही तासांत ठरते. यावरून एक गोष्ट उघड होते. जो उपचार केवळ मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयातच देता येतो, तो कितीही उत्तम असला तरी या रुग्णांपर्यंत पोचण्यास बहुधा उशीर होणार. दंश झालेल्या ठिकाणाजवळच्या पहिल्या डॉक्टरास जो देता येईल तोच उपचार खरा उपयोगी.

२. इंगळी आणि तांबडा विंचू

लोकांच्या मनात भीती असते ती इंगळीची, म्हणजे मोठ्या काळ्या विंचवाची. त्याच्या नांग्या जाड व आकार भयप्रद असतो. त्याच्या दंशाने वेदना पुष्कळ होतात, परंतु जीवास धोका क्वचितच पोचतो. प्राणघातक ठरतो तो आकाराने लहान, बारीक नांग्यांचा तांबडा विंचू. प्राणिशास्त्रात त्यास दीर्घकाळ ब्युथस टॅम्युलस, पुढे मेसोब्युथस टॅम्युलस आणि अलीकडे हॉटेन्टोटा टॅम्युलस या नावांनी ओळखण्यात आले. भारतीय विंचवांचे पद्धतशीर वर्णन टिकादर व बास्तवडे यांच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उपलब्ध आहे.

तांबड्या विंचवाच्या दंशाविषयी एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या रुग्णास दंशस्थानी असह्य वेदना होतात व ज्याची आरडाओरड सर्व वाडा ऐकतो, तो बहुधा सुरक्षित असतो. ज्याच्या शरीरात विष सर्वत्र पसरून गंभीर परिणाम होतात, त्याच्या दंशस्थानी वेदना पुष्कळदा अल्प असतात. त्यास उलट्या होतात, दरदरून घाम येतो, तोंडास लाळ सुटते, हातपाय गार पडतात. मुलग्यांत व पुरुषांत शिश्नोत्थान आढळते. घरची माणसे ज्या चिन्हाकडे पाहतात ते चिन्ह आणि रोगाचे गांभीर्य ज्या चिन्हात असते ते चिन्ह यांत येथे फारकत आहे.

या विरोधाभासातच मंत्रतंत्राच्या दीर्घ प्रतिष्ठेचे कारण सापडते. विंचू 'उतरविणारे' मांत्रिक, आघाड्याची मुळी, दंशावर बांधलेले नाना लेप, यांचा प्रभाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यानपिढ्या टिकून राहिला. लोक भोळे होते एवढ्याने या गोष्टीचा उलगडा होत नाही. विंचूदंश झालेल्यांपैकी बहुसंख्य माणसे कोणताही उपचार न करताही काही तासांत बरी होतात. वेदना शिखरास पोचून ओसरू लागावी आणि त्याच सुमारास मंत्र पुरा व्हावा, असा योग वारंवार जुळून येतो. शंभरांपैकी बहुतेक जण बरे झाले तर तो मंत्राचा गुण. जो थोडे दुखून शांत पडला आणि पहाटे दगावला, त्याचे दैव. म्हणजे यश मोजले जाई, अपयश मोजले जात नसे. मंत्र घातलेले व न घातलेले अशा दोन गटांची तुलना करण्याचा विचारच त्या चौकटीत उद्भवत नाही. बरा झालेला रोगी हा उपचाराच्या गुणाचा पुरावा नव्हे, हा चिकित्सालयीन संशोधनाचा पहिला धडा होय. आणि तो धडा रुग्णालयांसही सहजासहजी पचनी पडला नाही, असे पुढील हकिगतीवरून दिसून येईल.

३. रुग्णालयातील पूर्वीचे उपचार

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश वैद्यकाचे लक्ष सर्पदंशाकडे जितके वेधले गेले तितके विंचवाकडे गेले नाही. जोसेफ फेअरर यांचा भारतातील विषारी सर्पांवरील बृहद्ग्रंथ १८७२ साली निघाला. विंचवाच्या वाट्यास तसा ग्रंथ आला नाही. विंचूदंश ही दुःखद परंतु किरकोळ बाब, हा समज वैद्यकवर्गातही दीर्घकाळ वावरत होता. या समजास तडा देणारे लेखन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊ लागले. पी. एम. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरून होणाऱ्या विकाराविषयीचे टिपण १९६१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. मृत्यू कशाने येतो या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे हृदय व फुप्फुस यांच्याकडे वळले.

तरीही उपचार काय करावा याविषयी एकवाक्यता नव्हती. घाम व लाळ थांबविण्यासाठी अॅट्रोपीन दिले जाई. पेथिडीन, प्रोमेथाझीन व क्लोरप्रोमाझीन यांचे मिश्रण देऊन रुग्णास गुंगीत ठेवले जाई. हृदय दुबळे झाले म्हणून डिजॉक्सिन, दाह म्हणून स्टेरॉइड, फुप्फुसात पाणी म्हणून मूत्रल औषधे, वावडे समजून त्यावरील गोळ्या, असा क्रम चाले. दक्षिण भारतात इन्सुलिनच्या उपयोगाचाही पुरस्कार करण्यात आला. यांपैकी प्रत्येक औषधामागे काही ना काही तर्क होता. परंतु लक्षण दिसेल त्याच्यावर औषध, अशी ही चिकित्सा असल्यामुळे त्यांतील काही औषधे विषाच्या मूळ क्रियेस पोषकच ठरत. आधीच घामाने व उलट्यांनी शुष्क झालेल्या रुग्णास मूत्रल देणे, किंवा पुढे नाडी जलद होणारच असताना अॅट्रोपीनने ती अधिक जलद करणे, हे त्याचे उदाहरण होय. मांत्रिकाच्या बाबतीत जी त्रुटी वर सांगितली तीच येथेही होती. बरा झालेला रुग्ण प्रत्येक औषधाच्या खात्यावर जमा होई.

४. बिरवाडीची निरीक्षणे

डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर हे मूळचे मराठवाड्यातील देहेड गावचे. नागपूर येथून वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर १९७६ साली ते महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले. त्या काळी या जिल्ह्यास कुलाबा असे नाव होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. विंचूदंशाचे रुग्ण त्या केंद्रात वारंवार येत, आणि त्यांतील गंभीर रुग्ण, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावत. अशा केंद्रात हृदयालेखाचे यंत्र व रक्ताच्या सूक्ष्म तपासण्या यांची अपेक्षा करता येत नाही. हाताशी होती ती नाडी, रक्तदाबमापक, स्टेथोस्कोप आणि रुग्णाच्या खाटेशेजारी बसण्याची तयारी.

या तुटपुंज्या साधनांनी जे काम झाले त्याचे स्वरूप असे. प्रत्येक रुग्णाची दंशाची वेळ, आगमनाची वेळ, उलटी, घाम, हातपायांचे तापमान, नाडी व रक्तदाब यांची नोंद तासातासाने ठेवण्यात आली. एकेका रुग्णाच्या हकिगतीत जे गोंधळाचे भासते ते अनेक नोंदी एकत्र मांडल्यावर क्रमबद्ध दिसू लागते. प्रथम उलट्या, घाम, लाळ, मंद नाडी; नंतर रक्तदाबाची वाढ, जलद नाडी, थंड हातपाय; आणि त्यानंतर काही रुग्णांत फुप्फुसात पाणी भरून फेसाळ थुंकी, धाप व मृत्यू. म्हणजे पहिल्या टप्प्यातील चिन्हे ही पुढील हृद्विकाराची पूर्वसूचना असते.

१९७८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हाफकिन संस्थेतील बी. बी. गायतोंडे, एस. एस. जाधव व बावस्कर यांचे विंचूदंशानंतरच्या फुप्फुसविकाराविषयीचे पत्र प्रसिद्ध झाले. मुंबईची प्रयोगशाळा आणि तालुक्यातील आरोग्य केंद्र यांचा येथे घडलेला संयोग महत्त्वाचा होय. त्यानंतर १९८२ साली त्याच नियतकालिकात बावस्कर यांचा तांबड्या विंचवाच्या दंशातील हृद्विकाराच्या पूर्वलक्षणांवरील लेख आला. या लेखाने उपचार सांगितला नाही. त्याने रुग्ण ओळखण्याची रीत सांगितली. कोणता रुग्ण घरी पाठवावा आणि कोणत्या रुग्णाच्या उशाशी रात्र काढावी, हे ज्यास ठरविता येते त्यानेच उपचाराचे निम्मे काम केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

५. प्राझोसिन : तर्क आणि प्रत्यय

विषाची क्रिया कशी होते याचे ज्ञान या निरीक्षणांस पूरक ठरले. तांबड्या विंचवाच्या विषातील पेप्टाइडे मज्जातंतूंवरील सोडियमच्या वाहिन्या वेळेवर बंद होऊ देत नाहीत. त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्थेत उत्तेजनाचे वादळ उठते. आरंभी अॅसिटिलकोलीनचा प्रभाव राहतो. नंतर अॅड्रिनलीन व नॉरअॅड्रिनलीन यांचा लोंढा रक्तात येतो. रक्तवाहिन्यांवरील आल्फा नामक ग्राहकांवर त्यांचा आघात होऊन वाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि डाव्या हृदयकोष्ठास आकसलेल्या नळ्यांत रक्त ढकलण्याचा असह्य भार सोसावा लागतो. फुप्फुसात पाणी साचते ते यामुळे.

हे चित्र मान्य केले की उपचाराचा मार्ग आपोआप सूचित होतो. हृदयास चाबूक मारण्यापेक्षा त्याच्यापुढील अडथळा दूर करावा. रक्तवाहिन्या शिथिल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध यासाठी उपयोगी पडते. परंतु ते शिरेतून थेंबाथेंबाने, रक्तदाबावर क्षणोक्षणी नजर ठेवून द्यावे लागते. खेड्यातील डॉक्टरास ते पेलणारे नव्हे. उच्च रक्तदाबासाठी १९७० च्या दशकात प्रचारात आलेले प्राझोसिन हे औषध आल्फा ग्राहकांस नेमके रोखते, तोंडाने देता येते आणि स्वस्त आहे. हिंमतराव बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशातील त्याच्या उपयोगाविषयीचा लेख १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला.

उपचाराचा तपशीलही त्या परिस्थितीस साजेसा होता. मुलांत वजनाच्या दर किलोग्रॅममागे ३० मायक्रोग्रॅम या मानाने मात्रा द्यावी. हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी ती पुन्हा द्यावी. औषध लागू पडले की नाही हे यंत्राने नव्हे तर रुग्णाच्या तळपायास हात लावून कळते. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरण्याचा धोका असतो, म्हणून रुग्णास आडवा ठेवावा. आईने मुलास उचलून कडेवर घेऊ नये. घाम व उलट्या यांनी गेलेले पाणी भरून काढावे. या सूचनांत मोठ्या रुग्णालयाचा एकही अवयव नाही. ज्या ठिकाणी रोग घडतो त्याच ठिकाणच्या साधनांतून उपचार घडविला गेला, हे या संशोधनाचे वैशिष्ट्य होय.

बावस्कर यांनी दिलेल्या आकड्यांनुसार १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतातील गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा २५ ते ३० इतके होते. प्राझोसिनचा वापर रूढ झाल्यानंतर ते शेकडा १ हूनही खाली आले. हा फरक विलक्षण आहे. तथापि संशोधकाने येथे क्षणभर थांबले पाहिजे. ही तुलना आधीच्या काळाची नंतरच्या काळाशी आहे. त्या वीस-पंचवीस वर्षांत रस्ते सुधारले, रुग्ण लवकर येऊ लागले, डॉक्टरांस पूर्वलक्षणे ओळखता येऊ लागली, अपायकारक औषधे मागे पडली, आणि सौम्य रुग्णांचीही नोंद होऊ लागली असणे शक्य आहे. म्हणून घटीचा सर्व वाटा एकट्या प्राझोसिनच्या पदरी टाकता येत नाही.

मग रुग्णांचे दोन गट करून एकास औषध व दुसऱ्यास निष्क्रिय गोळी देऊन पाहावे काय? ज्या विकारात चौथा-पाचवा रुग्ण दगावतो आणि ज्यावरील औषधाच्या गुणाची तर्काने व अनुभवाने खात्री पटू लागली आहे, त्यात मुलांना निष्क्रिय गोळी देण्यास कोणत्याही डॉक्टराचे मन धजणार नाही. महाड येथे तो मार्ग अवलंबिला गेला नाही, आणि त्यात दोष काढता येत नाही. फरक प्रचंड असेल, क्रियेचा उलगडा स्पष्ट असेल आणि औषध दिल्यानंतर गार पाय उबदार होण्याचा प्रत्यय पुनःपुन्हा येत असेल, तर कालिक तुलनाही पुरावा म्हणून वजनदार ठरते. मंत्रास यांपैकी एकही आधार नव्हता. पुराव्याच्या पायऱ्या असतात, आणि प्रत्येक प्रश्नास सर्वांत वरचीच पायरी लागते असे नाही. परंतु आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत याचे भान सुटू देऊ नये.

६. प्रतिविष आणि तुलनेची पद्धत

तुलनात्मक प्रयोगाची परंपरा आपल्या प्रांतास नवीन नाही. वॉल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले व न टोचलेले कैदी यांची तुलना केली. चिठ्ठी टाकल्याप्रमाणे केवळ योगायोगाने रुग्णांची वाटणी करण्याची पद्धत १९४८ साली इंग्लंडमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या परीक्षेने प्रतिष्ठा पावली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रास येथील परीक्षेने, क्षयाच्या रुग्णास घरी राहून घेतलेली औषधे आरोग्यधामातील उपचाराइतकीच गुणकारी ठरतात, हे दाखविले व जगभरच्या आरोग्यधामांचे प्रयोजनच बदलले. दारिद्र्याच्या परिस्थितीत विचारलेला प्रश्न श्रीमंत देशांसही उत्तर देऊन जातो, याचे ते उत्तम उदाहरण होय.

विंचवाच्या बाबतीत हा प्रश्न प्रतिविषाच्या निमित्ताने उभा राहिला. घोड्यास विष अल्प मात्रेने टोचून त्याच्या रक्तद्रवातून प्रतिविष तयार करण्याची रीत सर्पविषाच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सिद्ध झाली होती. तांबड्या विंचवाविरुद्धचे प्रतिविष तयार करून ते प्रमाणित करण्याविषयीचा कणकोणकर, कुलकर्णी व हुलिकवी यांचा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. परंतु प्रतिविष उपलब्ध होणे आणि ते गुणकारी असणे या भिन्न गोष्टी आहेत. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर केलेल्या व १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत प्रतिविषाचा लाभ आढळला नाही. मात्र तेथे गांभीर्याचा भेद न करता सर्वच प्रकारचे रुग्ण परीक्षेत घेण्यात आले होते. उलट अमेरिकेतील अॅरिझोना प्रांतात अतिगंभीर अशा १५ मुलांवरील, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत प्रतिविषाचा गुण ठळकपणे दिसून आला. विंचवाच्या जाती भिन्न, रुग्णांची निवड भिन्न. म्हणून उत्तरेही भिन्न.

यामुळे आपल्या विंचवाचा निर्णय आपल्या रुग्णांवरच होणे आवश्यक होते. महाड येथे ७० रुग्णांवर केलेली परीक्षा २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. ३५ रुग्णांस केवळ प्राझोसिन आणि ३५ रुग्णांस प्राझोसिन व प्रतिविष असे दोन्ही देण्यात आले. वाटणी योगायोगाने करण्यात आली. दहा तासांनंतर दोन्ही औषधे घेतलेल्यांपैकी ३२ रुग्ण पूर्णपणे लक्षणमुक्त होते. केवळ प्राझोसिन घेतलेल्यांपैकी ८. बरे होण्यास लागलेला सरासरी काळ पहिल्या गटात ८ तास, दुसऱ्यात १७.७ तास होता. पुदुच्चेरी येथे मुलांवर केलेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेचा निष्कर्षही याच दिशेचा आहे.

या निष्कर्षाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. कोणास काय दिले हे डॉक्टरास ठाऊक होते. त्यामुळे लक्षणे संपली केव्हा हे ठरविताना मनाचा कल आड येण्याची शक्यता शिल्लक राहते. शिवाय जेथे मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहून कमी झाले आहे, तेथे ७० रुग्णांवरील परीक्षेवरून मृत्यूविषयी काही ठरविता येणार नाही. परीक्षेने सिद्ध झाले ते एवढेच की प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो. पण 'एवढेच' हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. नऊ-दहा तास लवकर बरे होणे म्हणजे लहान रुग्णालयातील एक खाट रात्रीत मोकळी होणे, एका परिचारिकेचा पहारा कमी होणे आणि मजुरी बुडवून उशाशी बसलेल्या आईबापांचा एक दिवस वाचणे होय.

येथे एक ऐतिहासिक क्रमही लक्षणीय वाटतो. ज्याने प्राझोसिनचा उपयोग रूढ केला त्यानेच, पंचवीस वर्षांनंतर, आपल्या उपचारात काही उणे आहे काय याची परीक्षा घेतली आणि उणे आढळले ते प्रसिद्ध केले. स्वतःच्या शोधाचे रूपांतर संप्रदायात होऊ न देणे ही संशोधकाची कसोटी आहे. २०२२ साली बावस्कर यांस पद्मश्री हा सन्मान मिळाला; परंतु त्यांच्या कार्याचे मोल जोखताना ही परीक्षा त्या सन्मानाइतकीच मोलाची मानली पाहिजे.

७. कोकण आणि देश

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. महाडचा निष्कर्ष बारामती-इंदापूरच्या माळास जसाच्या तसा लागू करावा काय?

प्राझोसिनच्या बाबतीत उत्तर देणे सोपे आहे. ते विषाशी झगडत नाही. विषाने चेतविलेल्या शरीरक्रियेस आवर घालते. विषाच्या घटकांत थोडाफार फेर असला तरी जोवर आल्फा ग्राहकांवरील आघात हेच मृत्यूचे कारण आहे, तोवर त्याचा उपयोग राहणार. प्रतिविषाची गोष्ट निराळी. ते विषातील विशिष्ट पेप्टाइडांस बांधते. म्हणून ज्या विंचवांच्या विषापासून ते बनविले त्यांच्याशी स्थानिक विंचवांचे विष कितपत जुळते यावर त्याचा गुण अवलंबून असणार. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोकणच्या दमट प्रदेशातील आणि दख्खनच्या अर्धशुष्क पठारावरील तांबड्या विंचवांच्या विषांची पेप्टाइडांच्या वस्तुमानावरून तुलना करण्यात आली, आणि प्रदेशपरत्वे घटकांत लक्षणीय भेद आढळून आला. जात एक, पण अधिवास बदलला की विषाची घडण बदलते. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण म्हणतो. त्याच्या विषावर मात्र तो ज्या मातीत राहतो तिची छाप दिसते.

यावरून पठारावरील रुग्णालयांचे कर्तव्य निश्चित होते. बारामती येथे सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथेच २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व त्यास पुढे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. गावोगावची प्राथमिक आरोग्य केंद्रे, इंदापूरचे शासकीय रुग्णालय आणि हे महाविद्यालय यांना जोडणारा दुवा कोणता असावा, तर बिरवाडीस होता तोच : एकसारखी नोंद. दंशाची वेळ, विंचवाचा रंग, प्राझोसिनची पहिली मात्रा किती वेळाने मिळाली, प्रतिविष किती व केव्हा दिले, हातपाय केव्हा उबदार झाले, रुग्ण केव्हा घरी गेला, एवढे सहा रकाने प्रत्येक केंद्राने सारख्या पद्धतीने भरले, तर काही हंगामांतच देशावरील प्रतिविषाच्या गुणाविषयी विधान करता येईल. त्यासाठी खर्चिक उपकरण लागत नाही. वही, घड्याळ आणि सातत्य लागते.

अशा नोंदीपासून दुसराही लाभ आहे. औषध सापडणे आणि ते रुग्णापर्यंत वेळेवर पोचणे यांत जे अंतर असते ते सहसा कोणत्याही शोधनिबंधात येत नाही. प्राझोसिनचा उपयोग प्रसिद्ध होऊन चार दशके लोटली. एखाद्या ऊसतोड कामगाराच्या मुलास पहाटे कोपीत दंश झाला, तर त्यास पहिली मात्रा तासाभरात मिळते की चार तासांनी, हे कळल्यावाचून त्या संशोधनाचे फळ या तालुक्यांत किती पदरी पडले हे सांगता येत नाही. विलंब वाटेत झाला, मांत्रिकाकडे झाला, की एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे पाठविण्यात झाला, याची उत्तरे भिन्न असतील आणि त्यावरील उपायही भिन्न असतील.

सारांश, विंचूदंशावरील उपचाराच्या या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, संशोधनास विषय पुरविणारा रोग जेथे असतो तेच संशोधनाचे योग्य स्थळ होय. प्रयोगशाळेचे साहाय्य हवे, परंतु प्रश्न खाटेशेजारीच उमगतो. दुसरी, बऱ्या झालेल्या रुग्णांच्या संख्येवर विसंबून राहिल्यास मांत्रिक व डॉक्टर यांच्यात भेद उरत नाही. तो भेद तुलनेने निर्माण होतो. तिसरी, एका प्रदेशात सिद्ध झालेले ज्ञान दुसऱ्या प्रदेशाने आदराने स्वीकारावे, पण आपल्या मातीत ते पुन्हा तपासून घ्यावे. महाडचे ऋण बारामती-इंदापूरच्या रुग्णालयांस फेडावयाचे असेल, तर ते अनुकरणाने नव्हे, तशाच चिकाटीने ठेवलेल्या नोंदींनी फेडता येईल.